सूर्यकांत आणि स्फटिक

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करीत असताना माझ्या हातून एक चूक घडली. कादंबरीचा नायक एका कारकुनाचा शाळकरी मुलगा. पहिल्याच प्रकरणात त्याचे शिक्षक त्याचे वर्णन ‘ब्राइट’ या एका विशेषणाने करतात आणि पुढे चालू लागतात. मी त्या ठिकाणी ‘तेजस्वी’ हा शब्द योजला. शब्द भारदस्त होता, प्रकाशाची मूळ प्रतिमा त्यात राखली जात होती, आणि अनुवादकाला स्वतःवर खूष होण्यास एवढे पुरते. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर एका वृद्ध वाचकाचे, संस्कृतच्या निवृत्त शिक्षकाचे, पत्र आले. मजकूर चारच ओळींचा होता. तिसऱ्या प्रकरणात हा मुलगा सबंध वर्गासमोर झालेला अपमान मुकाट्याने गिळतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशीचा अभ्यास करू लागतो. मग आपण त्याला तेजस्वी कोणत्या अर्थाने म्हटले आहे, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रथमतः मला हा पंडिती काटेकोरपणा वाटला. मराठीत तेजस्वी विद्यार्थी, तेजस्वी बुद्धी असे आपण सर्रास लिहितो. गुणगौरवाच्या समारंभांत तर या शब्दावाचून पान हलत नाही. परंतु पत्रातील प्रश्न मनातून जाईना. तो ज्या अर्थाकडे बोट दाखवीत होता तो अर्थ जुना होता, आणि माझ्या अर्थाला मात्र फार मोठा इतिहास नव्हता. प्रकाश आणि माणूस यांची सांगड आपल्या भाषांनी कशी घातली, आणि ती घालताना प्रकाशाचा कोणता गुण माणसाला लावला, याचा थोडा शोध घ्यावा असे त्यानंतर वाटू लागले.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. इंग्रजीतील ‘ब्राइट’चा ‘हुशार’ हा अर्थही फार जुना नाही. शब्द पुरातन आहे. जुन्या इंग्रजी काव्यात तो शस्त्रांना, सूर्याला, देवदूतांना आणि सुंदर स्त्रियांना लावलेला आढळतो. बुद्धीची चपळाई हा अर्थ त्याला साधारणतः अठराव्या शतकात येऊन चिकटला. म्हणजे ज्या शतकात युरोपने स्वतःच्या विचारयुगाला प्रकाशाचे नाव दिले, त्याच शतकात इंग्रजी शाळकरी मुलगाही ‘प्रकाशमान’ होऊ लागला. या दोहोंचा कार्यकारणसंबंध मी जोडीत नाही. परंतु आपल्याकडील एकोणिसाव्या शतकाचा विचार करताना हा योग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता ‘तेज’ या शब्दाकडे वळू. त्याचे मूळ ‘तिज्’ या धातूत आहे आणि त्या धातूचा अर्थ प्रकाशणे असा नसून धार लावणे असा आहे. तीक्ष्ण आणि तिग्म हे शब्द त्याच घरचे. ज्वालेचे टोक किंवा शस्त्राची धार हे तेजाचे पहिले रूप. उजेड हा त्या टोकाचा परिणाम. हिंदी-उर्दूतील ‘तेज़’ हा शब्द फारसीतून आला, तरी तो याच कुळातील दूरचा भाऊ आहे. ‘तेज़ चाकू’ आणि ‘तेज़ लड़का’ असे जेव्हा आपले उत्तरेकडील बांधव म्हणतात, तेव्हा ते नकळत संस्कृत शब्दाच्या मूळ अर्थाशी आपल्यापेक्षा अधिक इमान राखीत असतात. मराठीनेही बुद्धीला कुशाग्र म्हटले, तीक्ष्ण म्हटले, तल्लख म्हटले. बुद्धी उजळते यापेक्षा ती कापते, टोचते, भेदते हीच कल्पना आपल्या बोलीला अधिक मानवलेली दिसते.

नैयायिकांनी तेजाची व्याख्या केली ती तर अधिकच विचार करायला लावणारी आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी विद्यार्थिदशेत घोकला असेल त्यांना आठवेल, की तेथे तेजाचे लक्षण रूपावरून केलेले नसून स्पर्शावरून केलेले आहे. ज्याचा स्पर्श उष्ण ते तेज. भास्वर शुक्ल रूप त्याला आहे खरे. पण ओळख उष्णतेने. तेजाचे चार प्रकार सांगितले आहेत : अग्नी हे भौम, वीज हे दिव्य, जठरातील पचनशक्ती हे उदर्य आणि खाणीतून निघणारे सोने हे आकरज. सोने हाताला ऊन लागत नाही, चांदण्याने अंग भाजत नाही, याची अडचण टीकाकारांना जाणवली, आणि तेथे तेजाचा उष्ण स्पर्श दुसऱ्या द्रव्याच्या स्पर्शाने झाकला जातो असे सांगून त्यांनी ती सोडविली. आजच्या पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने यात काही उरलेले नाही. परंतु भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने पुष्कळ उरले आहे. अंधाऱ्या पोटात अन्न शिजविणारी, कोणालाही न दिसणारी आग ज्या शब्दात सामावते, तो शब्द निव्वळ झगमगाटाचा असू शकत नाही.

हा शब्द माणसाला लावताना नाट्यशास्त्राने जो नेमकेपणा दाखविला तो पाहून त्या वृद्ध शिक्षकांचे पत्र मला एकदम कळले. भरताने पुरुषाचे आठ सात्त्विक गुण सांगितले आहेत : शोभा, विलास, माधुर्य, स्थैर्य, गांभीर्य, ललित, औदार्य आणि तेज. यांतील तेजाची व्याख्या अशी, की दुसऱ्याने केलेला अधिक्षेप किंवा अवमान प्राणावर बेतले तरी सहन न करणे. पुढे धनंजयाने ‘दशरूपका’त हीच कल्पना उचलली. येथे कांती नाही, बुद्धी नाही, विद्या नाही. तेज म्हणजे एक नकार आहे.

कालिदासाने या नकाराला एक प्रतिमा दिली. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत आपल्या सेनापतीला बजावतो, की तपोवनातील लोक शांत दिसले तरी त्यांच्यात जाळणारे तेज दडलेले असते, सूर्यकांत मणी हाताला गार लागतो, पण दुसऱ्या तेजाने त्याच्यावर चाल केली की तो आग ओकतो. संस्कृत सुभाषितकारांना हा मणी फार प्रिय झाला, कारण ‘पाद’ या शब्दाचे किरण आणि पाय असे दोन्ही अर्थ त्यांना साधता आले : सूर्याचे पाय लागताच अचेतन दगडही पेटतो, मग सचेतन माणसाने दुसऱ्याची लाथ का सोसावी? कालिदासाची प्रतिमा मात्र या कोटीपेक्षा खोल आहे. त्याचा मणी एरवी गार असतो. तेज तेथे दिवसभर दिसणारी वस्तूच नव्हे.

शंकराचार्यांनी गीतेच्या सोळाव्या अध्यायावरील भाष्यात एक लहानशी टीप दिली आहे. दैवी संपत्तीच्या गणनेत ‘तेज’ येते. तेथे आचार्य थांबतात आणि सांगतात, की तेज म्हणजे प्रागल्भ्य, कातडीवरची चकाकी नव्हे. त्यांनी निषेध करण्याइतपत तो दुसरा अर्थ प्रचलित असला पाहिजे. चेहऱ्यावरचे तेज पाहून माणसाची परीक्षा करणारे लोक तेव्हाही होतेच. ‘प्रागल्भ्य’ म्हणजे न कचरणे, भय किंवा संकोच यांनी न गोंधळणे. गंमत अशी, की नाट्यशास्त्रात हा शब्द पुरुषाच्या यादीत नसून स्त्रीच्या यादीत आहे. स्त्रीचे जे अयत्नज अलंकार भरताने सांगितले त्यांत शोभा, कांती आणि दीप्ती अशा प्रकाशाच्या तीन चढत्या पायऱ्या आहेत, त्या सर्व रूपाच्या आणि प्रेमभावाच्या. आणि त्याच यादीत पुढे प्रागल्भ्य आहे, म्हणजे निर्भयता. पुरुषाचे तेज अपमानाच्या प्रसंगी आणि स्त्रीची दीप्ती शृंगाराच्या प्रसंगी, ही वाटणी शास्त्राची. आचार्यांनी तेजाचा अर्थ लावताना नेमका स्त्रीच्या यादीतला शब्द घेतला. यावर मला काही सिद्धान्त उभारायचा नाही. पण शब्द कधीकधी शास्त्रकारांनी घातलेली कुंपणे सहज ओलांडतात, एवढे यावरून दिसते.

त्याच श्लोकात तेजाच्या लगेच पुढे क्षमा आहे. आचार्य क्षमेचा अर्थ करतात तो असा, की शिवी दिली किंवा मारले तरी अंतःकरणात विकार उत्पन्न न होणे. अपमान न सोसणे आणि अपमानाने न ढळणे ही दोन्ही एकाच माणसाची संपत्ती म्हणून शेजारी शेजारी ठेवली आहेत! व्याकरण याच्याही पुढे जाते. ज्या ‘तिज्’ धातूपासून ‘तेज’ आले त्याच धातूला सन् प्रत्यय लागून ‘तितिक्षा’ हा शब्द झाला आहे, आणि तितिक्षा म्हणजे सोशिकपणा. धार लावण्याच्या एकाच क्रियेतून न सोसणारा आणि सोसणारा असे दोघेही निघावेत, हे शब्दाचे वैचित्र्य म्हणून सोडून देता येईल. मला ते तसे सोडवत नाही. सहाणेवर घासले जाणे हे सोसणेच आहे आणि धार ही त्यातूनच येते. त्या शाळकरी मुलाने गिळलेला अपमान भीतीने गिळला की तितिक्षेने, याचा निर्णय लेखकाने केलेला नाही. त्यामुळे पत्रलेखक शिक्षकांचा आक्षेप मी मान्य करतो तो अर्धाच.

तेजाविषयी इतके झाल्यावर समीक्षकांच्या नित्य वापरातील दुसऱ्या शब्दाकडे, ‘प्रतिभे’कडे, पाहिले पाहिजे. येथे धातू खरोखरच प्रकाशाचा आहे : ‘भा’. परंतु प्रकाश कोणाचा? ‘प्रतिभाति’ याचा अर्थ मला भासते, मला दिसते. प्रतिभा म्हणजे कवीच्या मस्तकामागचे प्रभामंडल नसून कवीच्या समोर एखादी गोष्ट उजळून येणे होय. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त वाक्याचा अर्थ एकदम उमगतो त्या उमगण्याला प्रतिभा म्हटले, आणि ती पशुपक्ष्यांतही असते असे सांगताना वसंतात कोकिळाचा स्वर कोण बदलतो, पाखरांना घरटी बांधण्यास कोण शिकवितो, असे विचारले. भट्टतौताने नवनव्या उन्मेषांची प्रज्ञा म्हणून तिची व्याख्या केली. ‘उन्मेष’ म्हणजे डोळे उघडणे, हे आपण ती व्याख्या पाठ म्हणताना विसरतो. राजशेखराने रचना करणाऱ्याच्या प्रतिभेबरोबर आस्वाद घेणाऱ्याची भावयित्री प्रतिभा मानली. दंडीने तर स्वच्छ सांगितले, की जन्मजात प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि यत्न यांनी उपासना करणाऱ्यावर वाग्देवी काही ना काही अनुग्रह करतेच. माझ्यासारख्या अनुवादकाला दंडी या एका वाक्यासाठी आवडतो, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या टीकाग्रंथांची नावेही याच दृष्टीने वाचावीत. आनंदवर्धनाचा ‘आलोक’, मम्मटाचा ‘प्रकाश’, त्यावर गोविंद ठक्कुराचा ‘प्रदीप’, त्यावर नागेशाचा ‘उद्द्योत’. ज्ञानेश्वरांच्या १२९० मधील गीताटीकेचे नाव ‘भावार्थदीपिका’. दिव्याला दिवा लावीत गेलेली ही परंपरा आहे. परंतु यातील कोणताही दिवा स्वतःकडे पाहा म्हणत नाही. ग्रंथाकडे पाहा म्हणतो. अभिनवगुप्ताने ‘ध्वन्यालोका’वरील आपल्या टीकेला ‘लोचन’ असे नाव दिले, आणि आधीच्या ‘चंद्रिका’ नामक टीकेला चिमटा काढताना तो विचारतो, की चांदणे कितीही पडले तरी लोचनावाचून आलोक भासतो काय? विनोद खोचक आहे, पण त्यात सिद्धान्तही आहे. उजेड आणि पाहणे या दोन गोष्टी आहेत.

हाच सिद्धान्त अभिनवगुप्ताच्या परमगुरूंनी, दहाव्या शतकातील उत्पलदेवांनी, ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिकां’त मांडला होता. प्रकाशाचे स्वरूप विमर्श हे आहे, असे ते म्हणतात. विमर्श म्हणजे स्वतःची जाणीव, स्वतःकडे वळून स्वतःला ओळखणे. तो नसेल तर प्रकाशावर पदार्थांचे कितीही रंग उमटले तरी तो स्फटिकासारखा जडच राहील. स्फटिक चमकतो. शेजारचे जास्वंदीचे फूल तो हुबेहूब लाल करून दाखवितो. पण आपण लाल दिसतो आहोत याचा त्याला पत्ता नसतो. काश्मिरी आचार्यांना मोक्षशास्त्र सांगायचे होते, समीक्षाशास्त्र नव्हे. तरीही कालिदासाच्या सूर्यकांताशेजारी उत्पलदेवांचा हा स्फटिक ठेवला की माणसातील प्रकाशाचे दोन नमुने आपल्यापुढे येतात. एक एरवी गार आणि निस्तेज, पण वेळ आल्यावर आतून पेटणारा. दुसरा सदैव चकचकीत, जवळ येईल त्याचा रंग घेणारा, आतून काहीच नसलेला.

बोली मराठीला हा भेद शास्त्राशिवाय ठाऊक आहे. चमकण्याविषयी तिच्या मनात मुळातच संशय आहे. एखाद्याने घोटाळा करून ठेवला की ‘काय दिवे लावलेस!’ म्हणून आपण विचारतो. ‘दिवटा’ म्हणजे मशाल. परंतु ‘दिवटे चिरंजीव’ म्हटले की घराण्याची अब्रू घालविणारा मुलगा उभा राहतो. ‘कुलदीपक’ हा शब्द तर सरळ अर्थाने वापरायला आता धीर होत नाही. याउलट ‘हुशार’ या आपल्या रोजच्या शब्दात प्रकाशाचा लवलेश नाही. तो फारसीतून आला. ‘होशियार’ म्हणजे शुद्धीवर असलेला, सावध. आजारातून उठलेला माणूस ‘आता जरा हुशारी वाटते’ असे म्हणतो तेव्हा तो मूळ अर्थ अजून जिवंत असल्याची साक्ष पटते.

मग माणसातील प्रकाश म्हणजे बुद्धी, आणि बुद्धी म्हणजे विद्येतील यश, हे समीकरण मराठीत रुळले केव्हा? माझ्या मते त्याचा उगम एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर शोधावा लागेल. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले. नाव विनम्र होते. आरशाला स्वतःचा उजेड नसतो. त्यानंतर मात्र सूर्य उगवू लागले. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’, ज्यात पुढे १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे आली. १८४२ मध्ये अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा ‘ज्ञानोदय’. १८४९ मध्ये पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’. १८६२ मध्ये मुंबईत ‘इंदुप्रकाश’. १८६६ मध्ये ठाण्यात ‘अरुणोदय’. महाराष्ट्रच असे करीत होता असे नव्हे. कलकत्त्यात ईश्वरचंद्र गुप्तांचा ‘संवाद प्रभाकर’ १८३१ सालीच निघाला होता, आणि मुंबईत करसनदास मुळजींनी १८५५ मध्ये गुजराती ‘सत्यप्रकाश’ सुरू केला. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. म्हणजे कागदावरचा प्रकाश रस्त्यावरच्या प्रकाशाच्या कितीतरी आधी आला.

या प्रतिमेत एक नवी गोष्ट होती. अंधार म्हणजे अज्ञान ही कल्पना जुनीच. उपनिषदांपासून चालत आलेली. परंतु आता उजेडाला दिशा आली. तो कोठून तरी येतो, कोणावर तरी पडतो. काही जण आधी उजळतात आणि मग इतरांना उजळवितात. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, आणि त्यांतील एक, महादेव गोविंद रानडे, त्याच वर्षी निघालेल्या ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाचे काम पाहू लागले. चंद्राचा प्रकाश परावर्तित असतो हे त्या पिढीला शाळेतच शिकविले गेले होते. नाव ठेवताना त्यांना ते जाणवले असेल काय, असा एक खोडकर प्रश्न मनात येतो. रानड्यांच्या बाबतीत तो अन्यायाचा होईल. पण परीक्षेच्या निकालपत्रावरून माणसातील उजेड मोजण्याची रीत याच काळात पडली आणि ‘तेजस्वी’ या शब्दाला शिष्यवृत्तीचा वास लागला, हे नाकारता येणार नाही.

आपण ज्या युरोपीय विचारयुगाचा हा कित्ता गिरविला असे मानतो, त्याचा एक प्रमुख प्रवक्ता मात्र निराळेच सांगत होता. १७८४ मध्ये कांटने आपल्या प्रसिद्ध निबंधात त्या युगाची व्याख्या केली तेव्हा उजेडाची उपमा बाजूला ठेवली. मनुष्याने स्वतःवर ओढवून घेतलेल्या पोरपणातून बाहेर पडणे, अशी त्याची व्याख्या आहे. आणि ते पोरपण बुद्धीच्या अभावामुळे नसून, दुसऱ्याच्या मार्गदर्शनाविना ती वापरण्याच्या धैर्याच्या अभावामुळे असते, असे तो लगेच जोडतो. हे वाचताना मला दर वेळी शंकराचार्यांची ती टीप आठवते. दोघांच्या तत्त्वज्ञानांत महदंतर आहे आणि ते पुसण्याचा माझा हेतू नाही. परंतु चकाकी नव्हे, न कचरणे, असे म्हणताना दोघांचे बोट एकाच जागी टेकते. मराठीने त्या युगासाठी ‘प्रबोधन’, म्हणजे जागे होणे, हा शब्द पत्करला, तोही म्हणूनच मला इंग्रजी नावापेक्षा अधिक योग्य वाटतो.

येथपर्यंत मी तेजाची बाजू उचलून धरली. तिच्यातील काळोखही सांगितला पाहिजे. अवमान न सोसणे हा गुण खरा; पण अवमान कोणाचा होऊ शकतो? ब्रह्मतेज आणि क्षात्रतेज हे शब्द कोशांत आहेत. त्यापलीकडच्या वर्णांसाठी भाषेने असा शब्द घडविला नाही. जो नकार वरच्याच्या ठायी तेज म्हणून गौरविला गेला, तोच खालच्याच्या ठायी माज ठरला. मुलगी असेल तर आगाऊपणा ठरला. वस्तू एकच, नावे मात्र तीन. तेजाचा इतिहास लिहिताना ही तिन्ही नावे एकत्र वाचली नाहीत तर तो इतिहास निव्वळ स्तोत्र होईल.

म्हणून १८५५ सालच्या ‘ज्ञानोदया’तील एक निबंध मला या विषयाचा मध्यबिंदू वाटतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग जातीतील मुलीने तो लिहिला. विषय होता मांगमहारांचे दुःख. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाण्याच्या अपराधासाठी आपल्या लोकांची डोकी कशी उडविली जात, हे ती सांगते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगते. आणि मग तर्काने विचारते, की वेद पाहण्याचा अधिकार जर आम्हाला नाही, तर आम्ही धर्मरहितच ठरलो की नाही. मग आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती माणसांपुढेच नव्हे तर देवापुढे ठेवते. भरताची व्याख्या घ्या, शंकराचार्यांची घ्या, कांटची घ्या. यांतील प्रत्येकीला ही शाळकरी मुलगी उतरते. पुरुषाच्या यादीतले तेज आणि स्त्रीच्या यादीतले प्रागल्भ्य येथे एकाच लेखणीत आले, आणि तेही ज्या जातीचा विचारच त्या याद्या करणाऱ्यांनी केला नव्हता त्या जातीतून.

आणखी एक गोष्ट. हा निबंध ज्या पत्रात छापला गेला त्याच्या नावातच उदय आहे. परंतु आपल्या बांधवांना विद्येकडे वळविताना मुक्ता ज्ञानाला प्रकाश म्हणत नाही, औषध म्हणते. तुम्ही पीडित आहात, हे औषध घ्या, असा तिचा सूर आहे. उजेड दुसऱ्यावर टाकता येतो. औषध ज्याचे त्याला गिळावे लागते, आणि ते आत जाऊन काम करते. उदर्य तेजाची नैयायिकांची कल्पना तिने ऐकली असण्याचा संभव नाही. पण रूपकाची जात तीच आहे. त्याच वर्षी जोतीरावांनी लिहिलेल्या नाटकाचे नाव ‘तृतीय रत्न’. हे रत्न म्हणजे तिसरा डोळा असे त्याचे विवरण केले जाते. तेही सूर्याचे नाव नव्हे. मुखपृष्ठांवर सूर्य झळकत असताना ज्यांना खरोखर अंधाराचा अनुभव होता ते लोक डोळ्याविषयी आणि औषधाविषयी बोलत होते, हे मला अर्थपूर्ण वाटते.

हा विचार एकट्या संस्कृत-मराठी परंपरेचा नाही. तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरळ’मध्ये थोरवीवरचे एक प्रकरण आहे. साने गुरुजींच्या अनुवादामुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. त्या प्रकरणाच्या पहिल्याच द्विपदीत माणसाचा ‘ओळि’, म्हणजे प्रकाश, कशात आहे हे सांगितले आहे : तो त्याच्या मनाच्या उमेदीत आहे, आणि ती उमेद नसतानाही जगू म्हणणे ही हीनता आहे. लगोलग दुसरी द्विपदी येते, ती अशी की जन्म सर्व जीवांचा सारखाच. वेगळेपणा येतो तो कर्मामुळे. पहिले वाक्य लिहिणाऱ्याला दुसरे लिहिल्यावाचून चैन पडले नाही, असे वाटते. संस्कृत शास्त्रकारांनी पहिले वाक्य फार सुंदर लिहिले. दुसरे त्यांच्याकडून राहून गेले.

समीक्षेच्या भाषेवर याचा परिणाम व्हावयास हवा होता, तो फारसा झालेला नाही. नव्या लेखकाला आपण अजूनही तेजस्वी, लखलखती, झळाळती अशी विशेषणे देतो आणि ती देताना सूर्यकांत व स्फटिक यांत फरक करीत नाही. वामनाने उज्ज्वलता म्हणजे कांती हा रचनेचा गुण मानला. ती नसेल तर रचनेवर जुनाट छाया पडते, असे तो म्हणतो. बरोबरच आहे, भाषेवर शेवाळ चढू नये. पण हा शब्दरचनेचा गुण आहे. आनंदवर्धनाच्या मताने दीप्ती ही रौद्रादी रसांनी चित्तात घडणारी अवस्था आहे, आणि ओज हा गुण ती व्यक्त करणाऱ्या शब्दार्थांच्या आश्रयाने राहतो; म्हणजे प्रकाश वाचकाच्या ठिकाणी पडावयाचा असतो. मम्मटाने प्रसादगुणाला सुक्या लाकडात पसरणाऱ्या अग्नीची उपमा दिली. एखादे पुस्तक मिटल्यावर आपल्यात काही पेटले की नाही, हा प्रश्न सोडून आपण लेखकाच्या चकाकीचे मोजमाप करीत बसतो. इतरांना काय सांगू. माझ्या स्वतःच्या जुन्या परीक्षणांत ‘तेजस्वी’ हा शब्द किती वेळा आला आहे हे मोजायला बसलो आणि विसाच्या पुढे गेल्यावर थांबलो.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी अनुवाद पुन्हा तपासला. ‘ब्राइट’ हा शब्द मूळात पाच वेळा आला आहे. तीन ठिकाणी मी ‘हुशार’ ठेवला, एका ठिकाणी मुलाच्या आत्याच्या तोंडी ‘चुणचुणीत’, आणि एका ठिकाणी, जेथे लेखकाला त्याच्या डोळ्यांविषयी बोलायचे आहे, तेथे ‘तरतरीत’. शेवटच्या प्रकरणात तो मुलगा, आता वयाने वाढलेला, मुख्याध्यापकांसमोर उभा राहतो आणि एका खोट्या कागदावर सही करण्यास नकार देतो. त्या संपूर्ण प्रसंगात लेखकाने एकही विशेषण वापरलेले नाही. मुलगा जे बोलतो ते एका ओळीत दिले आहे, आणि नंतर तो आपली टोपी घेऊन बाहेर पडतो. काढून घेतलेला ‘तेजस्वी’ हा शब्द येथे घालावा असा मोह मला झाला. हस्तलिखिताच्या समासात मी तो शिसपेन्सिलीने लिहूनही ठेवला होता. मूळात नव्हता, म्हणून छापखान्याकडे देण्यापूर्वी खोडून टाकला.